चौदा इंच अधिक चार इंच : वजन घटवणाऱ्या शस्त्रक्रियांची गोष्ट

नालासोपारा स्थानकावर पश्चिमेला उतरून रिक्षा केली की थोड्याच वेळात सोपारा गाव येते. तेथे 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा एक उंचवटा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला आणि आत विटांचा बौद्ध स्तूप असल्याचे दाखवून दिले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्याला मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा मिळायला मात्र १९५६ साल उजाडले. तो जवळच्या भुईगावच्या किनाऱ्यावर सापडला आणि आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही शिक्षकमंडळी हा स्तूप पाहायला गेलो होतो. तिथल्याच एका शाळेतील विज्ञानाच्या बाईंनी सगळी व्यवस्था केली होती. स्थानकावरचा पूल चढताना त्या दोनदा थांबल्या आणि कोटापाशी पोहोचल्यावर झाडाखाली बसूनच राहिल्या. आम्ही तेथे नवव्या शिलालेखाविषयी बोलत होतो. आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, असे अशोक त्यात म्हणतो. या लेखाच्या काही ठिकाणच्या प्रतींत पुढे असेही आहे की अशा विधींचे फळ संशयाचे असते. मिळेल किंवा मिळणारही नाही. हे ऐकून बाई हसल्या आणि पिशवीतून प्लास्टिकची एक फाइल काढून म्हणाल्या, "हाही आजारपणातलाच विधी आहे. याचं फळ येईल की नाही, ते सांगा बरं."

फाइलमध्ये दोन रुग्णालयांची माहितीपत्रके होती. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची. बाईंचे वय ४८, उंची १५० सें.मी., वजन ८८ किलो. नऊ वर्षांचा मधुमेह आणि दोन्ही गुडघ्यांची तक्रार. एका ठिकाणी त्यांना 'स्लीव्ह' सुचवली होती, दुसरीकडे 'बायपास' आणि ओळखीच्या कोणी 'मिनी बायपास' करून घेतली होती. बाईंची अडचण साधी होती. प्रत्येकाने आपली शस्त्रक्रिया किती चांगली ते सांगितले. पण कोणती केव्हा फसते ते कोणीच नीट सांगितले नाही.

आम्ही डॉक्टर नाही, त्यामुळे 'करा' किंवा 'करू नका' हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण या शस्त्रक्रिया कोठून आल्या, कोणत्या टिकल्या, कोणत्या टाकून दिल्या आणि का, हे वाचून सांगता येण्याजोगे होते. बाईंसाठी म्हणून जे वाचले, तेच येथे मांडत आहोत.

आतडे आखूड केले तर?

वर्गात पचनसंस्था शिकवताना आपण लहान आतड्याची लांबी सुमारे सहा मीटर सांगतो. जठराला लागून आद्यांत्र, मग मध्यांत्र आणि शेवटी शेषांत्र असे त्याचे भाग. अन्नरसाचे शोषण येथेच होते. लोह मुख्यतः सुरुवातीच्या भागात शोषले जाते, तर बी-१२ जीवनसत्त्व आणि पित्तक्षार अगदी शेवटच्या भागात. ही विभागणी लक्षात ठेवावी, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली तिच्यात आहे.

पोटावरच्या निरनिराळ्या आजारांत आतड्याचा मोठा भाग कापावा लागलेले रुग्ण बारीक होतात, हे शल्यविशारदांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. मग केवळ लठ्ठपणासाठी आतडे कमी केले तर? १९५२ साली व्हिक्टर हेन्रिक्सन या स्वीडिश शल्यविशारदाने याविषयी एक लेख लिहिला. त्याचे शीर्षकच प्रश्नार्थक होते : लठ्ठपणावर उपचार म्हणून लहान आतडे कापणे समर्थनीय ठरेल का? प्रश्नचिन्हाने सुरू झालेल्या या शास्त्रात पुढे बराच काळ ते चिन्ह गळून पडले होते, असे आम्हाला वाटते.

१९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याचा वरचा अर्धा भाग काढला तर प्राणी ते बऱ्यापैकी सहन करतो. खालचा अर्धा किंवा त्याहून अधिक भाग काढला तर मेदाचे शोषण कोसळते आणि वजन घटते. त्यांचा मूळ प्रश्न पोषणाचा होता. पण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत 'वजन घटते' हेच दोन शब्द भरले.

कॅलिफोर्नियातील पेन आणि डीविंड यांनी १९५६ पासून माणसांवर हा मार्ग वापरला. त्यांनी आतडे कापून टाकले नाही, तर बाजूला ठेवले. मध्यांत्राचा सुरुवातीचा सुमारे १५ इंचांचा भाग त्यांनी थेट मोठ्या आतड्याला जोडला. अन्नाला बाकीचे लहान आतडे दिसतच नसे. वजन झपाट्याने उतरले. त्याबरोबर न थांबणारे जुलाब, शरीरातील क्षारांचा असमतोल आणि यकृताची हानीही आली. जोडणी पूर्ववत करावी लागली आणि तसे करताच वजन परत चढले. पेन यांच्याविषयी आदर वाटतो तो यासाठी, की १९६३ साली त्यांनी स्वतःच हे सारे छापून प्रसिद्ध केले. आपले फसलेले प्रयोग लपवले असते तर तीच चूक आणखी दहा ठिकाणी झाली असती.

१९६९ साली त्यांनी सुधारलेली आवृत्ती मांडली. मध्यांत्राचे पहिले १४ इंच आणि शेषांत्राचे शेवटचे ४ इंच एकमेकांना जोडायचे, मोठ्या आतड्याला हात लावायचा नाही. 'चौदा अधिक चार' हे जणू तिचे सूत्रच झाले. अठरा इंच म्हणजे सुमारे ४५ सें.मी. सहा मीटरांपैकी ४५ सें.मी. म्हणजे किती टक्के, हे गणित मुलांना घालून पाहावे. उत्तर साडेसात येते.

सत्तरच्या दशकात ही शस्त्रक्रिया हजारोंवर झाली. सुरुवातीचे निकाल उत्तम होते : रुग्ण खात होते आणि तरीही बारीक होत होते. तक्रारी आल्या त्या सावकाश, काही वर्षांनी. मूतखडे, सांधेदुखी, रातांधळेपणा, यकृताचा काठिण्यविकार.

यांतील मूतखड्याचे कारण तर दहावीच्या मुलालाही समजावता येईल. पालक, टोमॅटो, चहा यांतून आपल्या पोटात ऑक्झलेट जाते. एरवी आतड्यात त्याची अन्नातल्या कॅल्शियमशी गाठ पडते, कॅल्शियम ऑक्झलेट हा न विरघळणारा क्षार बनतो आणि शौचावाटे निघून जातो. पण आतडे तोकडे झाल्यामुळे मेद न शोषता तसाच पुढे येतो. मेदाम्ले कॅल्शियमला पकडून त्याचा साबण बनवतात. ऑक्झलेटला जोडीदारच उरत नाही. ते मोकळेच मोठ्या आतड्यात जाते, तेथून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात. तेथे मात्र त्याला कॅल्शियम भेटते आणि जो क्षार शौचातून जायचा त्याचा खडा मूत्रपिंडात तयार होतो. ही रासायनिक क्रिया १९६९ सालीही कोणापासून लपलेली नव्हती. ती कोणी जोडून पाहिली नव्हती, इतकेच.

साधारण १९८० पर्यंत ही शस्त्रक्रिया मागे पडली. अनेकांची जोडणी पुन्हा उलगडावी लागली.

जठराकडे वळलेले शल्यविशारद

आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळी वाट धरली. जठरव्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या स्त्रियांचे वजन नंतर वाढत नाही, हे निरीक्षण त्यांच्यापुढे होते. १९६६ साली चिकाशी इटो यांच्यासह त्यांनी जठराचा वरचा छोटा भाग वेगळा करून त्याला लहान आतड्याचे वेटोळे जोडण्यास सुरुवात केली. येथे आतड्याचा फार थोडा भाग वगळला जातो. खाणेच कमी होते. ही गॅस्ट्रिक बायपासची सुरुवात. मात्र वेटोळे तसेच जोडल्याने पित्त उलटे वर येई. १९७७ साली ग्रिफेन आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराची जोडणी वापरली. अन्न एका फाट्याने येते, पित्त दुसऱ्याने आणि दोघांची गाठ खाली पडते. ही जोडणी सेझार रू या स्विस शल्यविशारदाची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. म्हणून बाईंच्या माहितीपत्रकात 'रू-एन-वाय' असे शब्द होते. त्यांना ते कंपनीचे नाव वाटले होते.

मेसन यांना मात्र आपलाच बायपास अवघड वाटत राहिला. १९८० साली त्यांनी अधिक सोपी कृती आणली : जठर उभे शिवायचे आणि खालच्या अरुंद तोंडाशी एक पट्टी बसवायची. ऐंशीच्या दशकात ती सर्वत्र पसरली. दहा वर्षांनी पाहावे तर टाक्यांची रेघ काहींमध्ये उसवलेली, काहींमध्ये वजन परत चढलेले. घट्ट अन्न जाईना म्हणून काहीजण आइस्क्रीम आणि गोड पेयांवर आले होते! अरुंद तोंड द्रवाला अडवत नाही, हे गाळणीचे साधे तत्त्व येथे आडवे आले.

याच काळात आणखी काही तोडगे येऊन गेले. जबडा तारेने बांधून ठेवणे, हा एक. तार सोडली की वजन परत. जठरात सोडायचा फुगा, हा दुसरा. १९८५ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि व्रण व आतड्यातील अडथळे यांमुळे १९८८ साली तो बाजारातून गेला. यांवर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

आमच्या मते मेसन यांचे मोठे काम दुसरेच आहे. ऐंशीच्या दशकात त्यांनी निरनिराळ्या शल्यविशारदांच्या रुग्णांची एकत्र नोंदवही सुरू केली. एका डॉक्टरच्या दवाखान्यात शंभरात एखादा वाईट अनुभव येतो आणि तो योगायोग वाटतो. पन्नास डॉक्टरांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की त्यातून आकृती दिसू लागते. 'चौदा अधिक चार'च्या काळी अशी वही असती, तर मूतखडे कितीतरी आधी मोजले गेले असते. मेसन शंभर वर्षे जगले. २०२० साली ते गेले.

किती वजन म्हणजे जास्त?

१९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक घेऊन मर्यादा ठरवल्या. वजन किलोमध्ये घ्यायचे, उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गाने भागायचे. हा भागाकार बेल्जियमच्या केतले यांचा, एकोणिसाव्या शतकातला. 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव १९७२ साली अँसेल कीज यांनी रूढ केले. तो ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून गंभीर सहव्याधी असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे ठरले. बाईंचा आकडा ८८ भागिले २.२५, म्हणजे ३९.१.

पण हा आकडा आपल्या देशात जसाच्या तसा लावता येतो का? याविषयीचे एक मासलेवाईक उदाहरण पुण्याचे आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा निर्देशांक अगदी सारखा होता : २२.३. शरीरातील मेद मोजला तेव्हा युडकिन यांचा निघाला ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. २००४ साली दोघांनी आपल्या छायाचित्रासह हे 'लॅन्सेट'मध्ये छापले. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात मेद अधिक असू शकतो आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, हे याज्ञिक यांचे अनेक वर्षांचे म्हणणे त्या एका छायाचित्राने लोकांपर्यंत पोहोचवले. २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेच्या मर्यादा ३७.५ आणि सहव्याधी असल्यास ३२.५ अशा खाली आणल्या. त्यानुसार बाई दोन्ही रेघांच्या वर होत्या. अर्थात रेघेच्या वर असणे म्हणजे विचार करण्यास पात्र असणे. शस्त्रक्रिया केलीच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे. माहितीपत्रकात हा फरक थोडा पुसट झाला होता.

मधुमेहाचे प्रकरण आणखी चमत्कारिक आहे. १९९५ साली वॉल्टर पोरीज आणि सहकाऱ्यांनी ६०८ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. बायपास केलेल्या मधुमेही रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्क्यांची रक्तशर्करा औषधाविना ताळ्यावर आली होती आणि तीही अनेकदा वजन उतरण्याच्या आधी, काही दिवसांतच! केवळ नळी लहान केल्याने हे होणार नाही. पुढे १९९९ साली जठरात तयार होणाऱ्या घ्रेलिन या भूक वाढवणाऱ्या संप्रेरकाचा शोध लागला आणि बायपासनंतर ते रक्तात घटते असे २००२ साली दिसून आले. आतड्यातून स्रवणारी इतर संप्रेरकेही बदलतात. म्हणजे शल्यविशारद पन्नास वर्षे स्वतःला नळकारागीर समजत होते आणि प्रत्यक्षात ते अंतःस्रावी ग्रंथींच्या कारभारात हात घालत होते. याच संप्रेरकांवरून बेतलेली आठवड्याला एकदा टोचायची औषधे २०२५ साली भारतात वजनासाठी मिळू लागली. बाईंनी त्यांचीही चौकशी केली होती. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले आहे.

दुर्बीण, पट्टा आणि बाही

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊ लागल्यावर चित्र पालटले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा जगातही ही पद्धत नवीच होती. १९९३ च्या सुमारास बायपास आणि जठराला बांधायचा फुगवता येणारा पट्टा, दोन्ही दुर्बिणीतून बसवले जाऊ लागले. मोठा छेद गेला, घरी लवकर जाता येऊ लागले, साहजिकच भीती कमी झाली. पट्टा तर काढूनही टाकता येत होता. यापेक्षा निर्धोक काय असणार?

ब्रसेल्समध्ये १९९४ ते १९९७ या काळात पट्टा बसवलेल्या १५१ जणांचा बारा-तेरा वर्षांनी शोध घेण्यात आला. त्यातले ८२ च सापडले. त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांचा पट्टा काढावा लागला होता आणि चौघांमागे एकाहून अधिक जणांत तो जठराच्या भिंतीत रुतला होता. हे २०११ साली छापले गेले. तोवर जगभर पट्टे बसवून झाले होते. न सापडलेल्या ६९ जणांचे काय झाले, हा प्रश्न आम्हाला सापडलेल्यांच्या उत्तरांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

मग आली 'स्लीव्ह', म्हणजे बाही. जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग उभा कापून काढायचा आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवायची. ही मुळात स्वतंत्र शस्त्रक्रिया नव्हतीच. आतड्याचा मोठा भाग वगळणाऱ्या एका गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियेचा तो पहिला अर्धा होता. २००० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये आणि सहकाऱ्यांनी अतिशय वजनदार रुग्णांसाठी ती दोन टप्प्यांत विभागली : आधी बाही करायची, वजन उतरून धोका कमी झाला की उरलेले काम. काही रुग्णांचे पहिल्या टप्प्यातच इतके उतरले की दुसरा टप्पा लागला नाही आणि बाही एकटीच चालू लागली. हा दोन टप्प्यांचा मार्ग नालासोपाऱ्याच्या शेजारीही वापरला गेला आहे. वसईतील सुमारे ३०० किलो वजनाच्या एका महिलेवर मुंबईत आधी बाही आणि नंतर बायपास करण्यात आला. २०१९ साली तिचे वजन शंभराच्या आत आल्याची बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत होती. बाईंच्या शाळेत तेव्हा शिक्षकखोलीत तीच चर्चा होती आणि बाईंच्या मनात विचार आला तोही तेव्हाच.

पण ३०० किलोंच्या जिवावरच्या अवस्थेतला हिशोब ८८ किलोंना लावता येत नाही. बाही कापलेली परत जोडता येत नाही. टाक्यांच्या लांब रेघेतून गळती होण्याचा धोका लहान असला तरी झाल्यास गंभीर असतो. आणि छातीतली जळजळ वाढते. फिनलंडमध्ये २००८ ते २०१० या काळात २४० जणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे बाही किंवा बायपास वाटून देण्यात आले. दहा वर्षांनी बाहीवाल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला दाह झालेला आढळला, बायपासवाल्यांपैकी ७ टक्क्यांच्या. बाईंना आम्लपित्ताचा त्रास आधीपासून आहे. हा एक आकडा त्यांच्यासाठी दहा पाने माहितीहून मोलाचा ठरला.

'मिनी बायपास'चे मूळ पाहून तर आम्हाला हसूच आले. १९९७ साली रटलेज यांनी सुरू केलेल्या या पद्धतीत पुन्हा वेटोळेच जोडतात, मेसन यांच्या १९६६ च्या कृतीसारखे. जठराची पिशवी तेवढी लांब ठेवतात, म्हणजे पित्त वर येऊ नये. एक जोडणी वाचते, वेळ वाचतो. पण पित्ताचा जुना प्रश्न कायमचा सुटला का, यावर शल्यविशारदांत आजही वाद आहे.

टक्क्यांचा घोळ

बाईंच्या माहितीपत्रकात '७० टक्के वजन घटते' असे ठळक छापले होते. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात मात्र बायपासनंतर दहा वर्षांनी २५ टक्के घट आढळली होती. बाई चक्रावल्या. कोणीतरी खोटे बोलत असणार!

कोणीच खोटे बोलत नव्हते. माहितीपत्रकातले ७० टक्के हे 'जादा' वजनाचे होते. निर्देशांक २५ धरला तर बाईंचे 'योग्य' वजन सुमारे ५६ किलो, म्हणजे जादा वजन ३२ किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे २२ किलो. आणि ८८ चे २५ टक्केही २२ च! तीच घट, फक्त भाजक वेगळा. शेकडेवारी शिकवताना 'कशाच्या टक्के' हे विचारायला आपण मुलांना सांगतो. त्याचे इतके चांगले उदाहरण आम्हाला पूर्वी मिळाले नव्हते.

बाईंनी वजाबाकी केली. "म्हणजे ६६ किलो. एवढं करून ६६?" थोडा वेळ त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पण २२ किलोंची पिशवी घेऊन मी रोज तो पूल चढते, असंच ना?" फिनलंडचे आकडे याहून थोडे कमी येतात. दहा वर्षांनी बायपासमध्ये जादा वजनाच्या सुमारे ५१ टक्के, बाहीत ४४ टक्के. बाईंच्या हिशोबात सोळा आणि चौदा किलो.

त्या स्वीडिश अभ्यासाविषयी आणखी थोडे. तो १९८७ साली सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेले २०१० रुग्ण आणि त्यांच्यासारखेच पण न केलेले २०३७. सरासरी अकरा वर्षांनी, २००७ साली, मृत्यू मोजले तेव्हा पहिल्या गटात १०१ आणि दुसऱ्यात १२९ होते. टक्केवारी ५.० आणि ६.३. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते, याचा हा पहिला भक्कम पुरावा मानला जातो आणि तो खरा आहे. पण पहिल्या ९० दिवसांत शस्त्रक्रियेच्या गटात ५ जण गेले, दुसऱ्यात २. म्हणजे आधी धोका आगाऊ भरायचा आणि लाभ हप्त्याहप्त्याने घ्यायचा. अमेरिकेत ४७७६ रुग्णांच्या एका पाहणीत, २००९ साली, पहिल्या तीस दिवसांत मृत्यू हजारी तीन आणि गंभीर गुंतागुंत शंभरात चारांहून थोडी जास्त आढळली.

आता यातली खरी गोम. स्वीडनमधल्या त्या २०१० रुग्णांपैकी दोनतृतीयांशांवर झाली होती मेसन यांची पट्टी लावून शिवण्याची कृती, जी आज जवळजवळ कोणी करत नाही. बायपास होता आठांत एकावर. बाही एकावरही नाही. वीस वर्षांचा पुरावा हवा असेल तर तो वीस वर्षांपूर्वीच्या शस्त्रक्रियेचाच असणार. आणि आजच्या शस्त्रक्रियेविषयी विचाराल तर पुरावा कमी वर्षांचा असणार. यातून सुटका नाही. कोणा डॉक्टरचा तो दोष नव्हे. काळ आधी मोजून ठेवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या वेळी बाई डॉक्टरांकडे गेल्या त्या वही घेऊन. जळजळ आहे, तर बाही का सुचवता? तुमचे टक्के कशाचे? गळती झाली तर मी नालासोपाऱ्याहून रात्री किती वेळात पोहोचेन? लोह शोषणारा भाग वगळलात आणि बी-१२ शोषायला जठरातील घटक लागतो तेही जठर बाजूला पडले, तर गोळ्या किती वर्षे? (उत्तर आले : जन्मभर.) शेवटचा प्रश्न होता, दहा वर्षांपूर्वीचे तुमचे किती रुग्ण अजून तपासणीला येतात? डॉक्टर थांबले. मग त्यांनी सरळ सांगितले की पहिल्या वर्षी बहुतेक सगळे येतात, नंतर येणारे कमी होत जातात आणि न येणाऱ्यांचे काय झाले ते त्यांना सांगता येणार नाही. बाईंना हे उत्तर आवडले. त्या म्हणाल्या, आतापर्यंत मिळालेले हे पहिलेच खरे उत्तर.

बाई पूर्ण शाकाहारी आहेत. याज्ञिक यांच्या पुण्यातल्या अभ्यासांत बी-१२ ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली आहे, हे आम्ही त्यांना सांगितले होते. म्हणून कोणतीही तारीख ठरवण्याआधी त्यांनी ती तपासणी करून घ्यायची ठरवले. रक्त गेल्या सोमवारी दिले. अहवाल यायचा आहे. आला की त्यांचा मुक्काम बायपासकडे, इंजेक्शनकडे की तूर्त आहारतज्ज्ञाकडे, ते ठरेल. मे महिन्याची सुट्टी मात्र त्यांनी मोकळी ठेवली आहे.